मसुदा आधी वाचलात, नाव नंतर

आदरणीय मॅडम,

सप्रेम नमस्कार.

आपल्या प्रोग्रामिंग भाषेत फंक्शनला दिलेल्या शेवटच्या आर्ग्युमेंटनंतरही, म्हणजे कंसातल्या शेवटच्या मूल्यानंतरही, स्वल्पविराम चालावा, एवढाच माझा प्रस्ताव होता. म्हणजे खाली नवी ओळ घालताना केवळ स्वल्पविरामासाठी वरच्या ओळीला हात लावावा लागत नाही, आणि बदल तपासणाऱ्याला नेमकी नवी ओळच दिसते. त्यावर पहिला प्रश्न आला तो असा: ‘याआधी कोणता कंपायलर लिहिलाय?’ कंपायलर, म्हणजे कोड यंत्राच्या भाषेत उतरवणारा प्रोग्राम, मी एकही लिहिलेला नाही, हे खरं उत्तर दिल्यावर मसुद्याकडे कुणी फिरकेना.

तुम्ही वेगळंच विचारलंत. कंसात एकच मूल्य आणि पुढे स्वल्पविराम असेल, तर पार्सरने (कोड वाचून त्याची रचना ओळखणाऱ्या भागाने) ते आर्ग्युमेंट समजायचं की एका घटकाचं टपल, म्हणजे मूल्यांचा क्रमवार गट? आज चालणाऱ्या कोणत्या कोडचा अर्थ बदलेल? प्रश्न कठीण होते, पण त्यांची उत्तरं माझ्या बायोडेटात नव्हे, मसुद्यात असायला हवी होती. एका आर्ग्युमेंटचा नियम मी स्वतंत्रपणे लिहून काढला, खऱ्या कोडमधली उदाहरणं जोडली, आणि मग कुठे चर्चा स्वल्पविरामावर आली.

त्याहून मोलाचं पुढे घडलं. भाषेच्या मूळ रचनाकारांपैकी एकाचा मसुदा आला, तेव्हा त्यांनाही तुम्ही हेच प्रश्न विचारलेत. यात त्यांचा अवमान अजिबात नव्हता. इतर भाषांतही असं घडलंय: गो या प्रोग्रामिंग भाषेच्या तीन मूळ रचनाकारांपैकी रॉबर्ट ग्रीझमर यांनी २०१९ मध्ये एरर हाताळण्यासाठी ‘ट्राय’ सुचवलं होतं. फंक्शनमधून बाहेर पडण्याची वाट त्यामुळे एक्स्प्रेशनच्या, म्हणजे मूल्य काढणाऱ्या कोडच्या तुकड्याच्या, आत दडते, हा आक्षेप वजनदार ठरला आणि त्याच वर्षी तो प्रस्ताव बाजूला ठेवला गेला. पायथन भाषेच्या जनकांचा, गिडो व्हान रोसम यांचा पेप ३४० सुद्धा नाकारला गेला (पेप म्हणजे पायथनमधल्या बदलाचा क्रमांक दिलेला प्रस्ताव). त्याऐवजी आलेल्या पेप ३४३ मधून आज सर्रास वापरलं जाणारं ‘विथ’ हे विधान मिळालं.

अनुभवी माणसाला धोके लवकर दिसतात, हे मला मान्यच आहे. पण त्याने ते धोके दाखवावेत, नुसतं नाव पुरेसं नाही. भाषेत शिरलेला नियम वर्षानुवर्षं काढता येत नाही, आणि तो वापरणाऱ्या बहुतेकांना तो कुणी सुचवला हे ठाऊकही नसतं.

माझ्या प्रस्तावाचा निर्णय अजून व्हायचाय. नकार आला, तरी तो मसुदा वाचून आलेला असेल, याची मला खात्री आहे. त्यासाठी तुमचे मनापासून आभार.

आपला नम्र,
एक नवखा प्रस्तावक