घरातील कोॲक्सिअल केबलची जोडणी पुन्हा करून देण्याबाबत तक्रार

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ब्रॉडबँड सेवा विभाग

विषय : सदोष केबल जोडणी, चुकीचे शेरे मारून बंद केलेल्या तक्रारी आणि गैरलागू भेट शुल्क

महोदय,

आपल्या कंपनीने माझी तक्रार ‘निराकरण झाले’ असा शेरा मारून पुन्हा एकदा बंद केली. तो निरोप आला तेव्हा मोडेमचा ‘ऑनलाइन’ दिवा लुकलुकत होता. निराकरण नेमके कशाचे झाले, हे मोडेमलाही कळले नसावे. ग्राहक सेवेच्या फोनवर हे सगळे सांगून झाले आहे. तिथे दर वेळी नवा माणूस, नवा तक्रार क्रमांक आणि पहिल्यापासून सुरुवात. म्हणून आता लेखी देते आहे. केबल जोडणीच्या कामाची जबाबदारी ज्यांच्याकडे आहे, त्यांच्या हातात हे पत्र पडावे ही विनंती.

माझे म्हणणे एवढेच : दोष मोडेममध्ये नाही आणि वाय-फायमध्येही नाही. तो तुमच्या बाहेरच्या पेटीपासून माझ्या मोडेमपर्यंत येणाऱ्या केबलमध्ये आहे. ते काम तुमच्या माणसांनी केले आहे आणि ते त्यांनीच पुन्हा नीट करून द्यायला हवे.

आधी त्रास काय होतो ते. कोरड्या हवेत वेबसाइट उघडतात, व्हिडिओ चालतात, तुमची स्पीड टेस्टसुद्धा खूश असते. पण कामाच्या व्हिडिओ कॉलवर मला सगळ्यांचे स्वच्छ ऐकू येते आणि माझा आवाज मात्र तुटत जातो. मोठी फाइल पाठवायला घेतली की अर्ध्यावर अडकते. पाऊस लागला की मोडेम आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होत राहतो. येणारे ठीक, जाणारे बिघडलेले, आणि पावसात दोन्हीचे हाल. एवढ्या लक्षणांवरून या कामातल्या कुणीही आधी कनेक्टर उघडून पाहिले असते. मला मिळालेले सल्ले असे : मोडेम बंद करून चालू करा; मोडेम घराच्या मध्यभागी ठेवा; आणि हे दोन्ही केल्यावर, घरभर वाय-फाय पोचवणारे आमचे जादा उपकरण भाड्याने घ्या. संगणक लॅन केबलने थेट मोडेमला जोडून तपासला आहे, वाय-फायचा इथे संबंधच येत नाही, असे सांगितले तर पलीकडून “हो मॅडम, पण वाय-फायची रेंज...” मोडेमही बदलून झाला. नव्या मोडेमने जुन्याचे सगळे गुण जसेच्या तसे उचलले, तेव्हा तरी कुणाला शंका यायला हवी होती.

अखेर एक तंत्रज्ञ असा आला, ज्याने मोडेमला हात लावण्याआधी पिशवीतून सिग्नल मीटर काढला. बाहेरच्या पेटीत त्याने मोजले तर +२ डीबीएमव्ही (केबलमधल्या सिग्नलची पातळी मोजण्याचे एकक). आत मोडेमच्या टोकाला −१३. मधल्या वाटेत १५ डेसिबल गडप. तीन डेसिबल घटले की शक्ती निम्मी होते. त्या हिशेबाने पेटीत असलेल्या सिग्नलचा जेमतेम बत्तिसावा हिस्सा मोडेमपर्यंत पोचत होता. ही मापे वरच्या फ्रीक्वेन्सीच्या चॅनेलची आहेत. खालच्या चॅनेलवर घट बरीच कमी होती. फ्रीक्वेन्सी वाढली की केबलमधली घट वाढते हे खरे, पण घराएवढ्या लांबीत इतका उतार पडत नाही. जाताना त्याने स्वच्छ सांगितले, “लाइन पूर्ण बदलावी लागेल, मी तसा रिपोर्ट टाकतो.” आता तुमच्या ॲपमध्ये त्या भेटीपुढे काय दिसते? ‘ग्राहकाच्या वाय-फायची अडचण. समजावून सांगितले.’ हे त्याने लिहिले की मागाहून कुणी बदलले, ते आपण शोधावे. मात्र त्या मुलाला यावरून त्रास होऊ नये. आलेल्यांपैकी आपले काम नीट केले ते त्यानेच.

त्यानंतर आपल्या कार्यालयातून मला कळवण्यात आले की −१३ हे ‘मर्यादेत’ आहे. आहे, मान्य. डॉक्सिस मानकाप्रमाणे (केबलवरून इंटरनेट देण्याचे तांत्रिक नियम) मोडेमला −१५ पासून +१५ डीबीएमव्हीपर्यंतचा सिग्नल चालवून घेता आला पाहिजे. पण ही अट मोडेम बनवणाऱ्यासाठी आहे. केबल टाकणाऱ्याने तिथवर घसरायला हरकत नाही, असा तिचा अर्थ होत नाही. जोडणी करताना सिग्नल साधारण −७ ते +७ च्या आत आणून ठेवतात, कारण पुढे ऊन-पावसाने आणि एखाद्या सैल कनेक्टरने काही डेसिबल खाल्ले तरी सेवा चालू राहावी. −१३ वर सोडून दिलेल्या जोडणीला एक ओला दिवस पुरतो, आणि तो दर पावसात येतो.

हे तर झाले येणाऱ्या सिग्नलचे. जाणाऱ्याची अवस्था आणखी वाईट आहे आणि ती बघायला मीटरही लागत नाही. ब्राउझरमध्ये १९२.१६८.१००.१ टाकले की मोडेमचे स्वतःचे पान उघडते. त्यावर पाठवण्याची पातळी ५१ डीबीएमव्हीला टेकलेली दिसते. ती पन्नाशीच्या बरीच खाली असायला हवी. आपले पलीकडे ऐकू जात नाही म्हणून मोडेम अधिकाधिक ओरडतो आहे, आणि आता त्याच्यात आणखी ओरडण्याची ताकद उरलेली नाही. त्याखालच्या नोंदींमध्ये टी३ टाइमआउटच्या ओळींमागून ओळी आहेत, म्हणजे मोडेमने हाक दिली आणि तुमच्या केंद्राकडून उत्तर आले नाही. दुरुस्त न होऊ शकलेल्या कोडवर्डचा, म्हणजे बिघडून आलेल्या माहितीच्या तुकड्यांचा, आकडा पावसात भराभर चढतो. मोडेमची ही माहिती तुमच्या कार्यालयातूनही पाहता येते. फोनवर मला मोडेमवरच्या दिव्यांचे रंग विचारण्यात जेवढा वेळ गेला, त्याच्या निम्म्या वेळात ती पाहून झाली असती.

आता केबल. कोॲक्सिअल केबल म्हणजे मधोमध सिग्नल नेणारी तार आणि तिच्याभोवती धातूच्या जाळीचे कवच. जोडणीच्या दिवशी तुमच्या माणसांनी ‘संपूर्ण नवीन आरजी-६ केबल’ असे लिहिलेल्या पावतीवर माझी सही घेतली. प्रत्यक्षात नवी केबल फक्त पेटीपासून खिडकीपर्यंत आहे. तिथून पुढे भिंतीतली जुनी, पूर्वी टीव्हीसाठी टाकलेली आरजी-५९ जोडून दिली आहे. केबलचा प्रकार तिच्या आवरणावर थोड्या थोड्या अंतराने छापलेला असतो. माळ्यावर बॅटरी घेऊन चढलात तर आपल्यालाही वाचता येईल. आरजी-५९ ची मधली तार आरजी-६ पेक्षा बारीक असते आणि ती जास्त सिग्नल खाते : ७५० मेगाहर्ट्झला १०० मीटरमागे आरजी-६ मध्ये साधारण साडेअठरा डेसिबल जातात, आरजी-५९ मध्ये तेवीसच्या आसपास. घरातल्या लांबीला हा फरक डेसिबल-दीड डेसिबलचाच, हे मलाही कळते. नुसती जुनी केबल वापरली म्हणून मी एवढे मोठे पत्र लिहिले नसते.

खरा घोळ जोडावर आहे. आरजी-६ साठीचा कनेक्टर बारीक आरजी-५९ वर नीट बसत नाही, म्हणून केबलला चिकटपट्टी गुंडाळून ती जाड केली आणि त्यावर कनेक्टर साध्या पक्कडीने चेपला. दोन बोटांनी ओढल्यावर तो माझ्या हातात आला. आतल्या जाळीचा एक धागा मधल्या तारेला टेकायच्या बेतात होता. कॉम्प्रेशन कनेक्टर आणि तो दाबण्याचे हत्यार ही या धंद्यातली रोजची वस्तू आहे. ते हत्यार त्या दिवशी गाडीत राहिले होते की दिलेलेच नव्हते, हे आपल्याला माहीत.

त्याच माळ्यावर एक चार तोंडांचा स्प्लिटर, म्हणजे एक सिग्नल चार वाटांना वाटणारी डबी, आहे. घरात केबल टीव्ही नाही, तरी सिग्नल त्यातूनच फिरवला आहे. चार तोंडांचा स्प्लिटर प्रत्येक तोंडाला सात डेसिबल तरी कमी करतो, बाकीच्या तोंडांना काही जोडलेले असो वा नसो. हरवलेल्या १५ डेसिबलपैकी जवळजवळ निम्मे इथेच सापडतात. त्यावर छापलेले आकडे तर वाचण्यासारखे आहेत : ९५०–२१५० मेगाहर्ट्झ. तो डिश अँटेनाच्या कामाचा आहे. ब्रॉडबँडचा जाणारा सिग्नल पार तळाच्या पट्ट्यातून, ५ पासून ४२ मेगाहर्ट्झपर्यंत, काही व्यवस्थांमध्ये ६५ पर्यंत, प्रवास करतो. त्या पट्ट्याची हमी या वस्तूने कधी दिलेलीच नाही. माझा आवाज कॉलवर का तुटतो याचे उत्तर माळ्यावर होते आणि ते शोधायला शिडीपलीकडे काही लागत नव्हते.

याच स्प्लिटरची तीन तोंडे उघडी आहेत. ती बंद करणारी ७५ ओहमची टोपणे, म्हणजे टर्मिनेटर, लावलेली नाहीत. उघड्या तोंडांतून आणि सैल कनेक्टरमधून बाहेरचा गोंगाट केबलमध्ये शिरतो. यात तुमचाही स्वार्थ आहे म्हणून सांगते : एका नोडवरच्या, म्हणजे परिसरातल्या एकाच जोडणी-ठिकाणावरच्या, सगळ्या घरांचा परतीचा सिग्नल एकत्र होऊन तुमच्या केंद्रात जातो, त्यामुळे माझ्या माळ्यावर शिरलेला गोंगाट त्याच नोडवरच्या बाकीच्या ग्राहकांनाही भोवतो. त्यांच्याही तक्रारी बहुधा ‘वाय-फायची अडचण’ म्हणून बंद होत असतील.

भिंतीच्या कडेने केबल नेताना क्लिपांऐवजी स्टेपल ठोकले आहेत आणि काही ठिकाणी त्यांनी केबल चेपली आहे. कोपऱ्यावर तर ती काटकोनात दुमडली आहे. अशा केबलला तिच्या जाडीच्या निदान दहापट त्रिज्येचे वळण द्यावे लागते, म्हणजे इथे सुमारे सात सेंटिमीटर. चेपलेल्या जागी केबलचा ७५ ओहमचा अवरोध बदलतो आणि सिग्नलचा काही भाग तिथूनच मागे फिरतो. आवरण वरून धड दिसते, म्हणून हे डोळ्यांना कळत नाही.

पाण्याचे कारण खिडकीशेजारच्या भोकात आहे. भिंतीला भोक पाडताना उतार बाहेरच्या बाजूला ठेवायचा असतो. इथे तो आत आहे. केबल भिंतीत शिरण्याआधी तिला खाली झोळ द्यायचा असतो, म्हणजे पाणी झोळाच्या तळाशी येऊन गळून जाते. झोळ नाही, भोक बुजवलेले नाही, त्यामुळे पाणी केबलवरून ओघळत थेट आतल्या जोडावर येते. तो जोड उघडला तेव्हा ॲल्युमिनियमच्या जाळीची पांढरी भुकटी झाली होती आणि मधल्या तारेला गंज चढला होता. भिंतीलाही तिथे ओल आली आहे. तिचे काय करणार, तेही कळवा.

अर्थिंग अजिबात केलेले नाही. केबल घरात शिरते त्या जागी ग्राउंड ब्लॉक लावून तिचे बाहेरचे कवच इमारतीच्या अर्थिंगला जोडायला हवे होते. जवळपास वीज पडली तर तारेवर येणाऱ्या दाबाला जमिनीकडे जायला वाट लागते. ती नसेल तर तो मोडेमकडे आणि मोडेमला जोडलेल्या संगणकाकडे येणार. इंटरनेट मंद असण्यावर वाद घालता येईल, पण ही बाब सुरक्षिततेची आहे आणि यात ‘मर्यादेत आहे’ हे उत्तर मी ऐकून घेणार नाही.

आणि एवढे असून शेवटच्या बिलात ‘ग्राहकाच्या आवारातील दोष’ या नावाखाली तंत्रज्ञाच्या भेटीचे शुल्क लावले आहे. दोष माझ्या आवारात आहे हे खरेच. तो तुमच्या माणसांनी तिथे बसवून दिला. हे शुल्क रद्द व्हावे आणि जोडणी झाल्यापासून जी सेवा नीट मिळालीच नाही, तिच्या भाड्यात त्या प्रमाणात सूट मिळावी.

दुरुस्ती म्हणजे कनेक्टर बदलून, मोडेम चालू करून निघून जाणे, असे मला चालणार नाही. बाहेरच्या पेटीपासून मोडेमपर्यंत मध्ये जोड नसलेली एकच आरजी-६ केबल हवी. अपवाद फक्त ग्राउंड ब्लॉकचा. बाहेरचा भाग उन्हाला टिकणाऱ्या आवरणाचा असावा, दोन्ही टोकांना कॉम्प्रेशन कनेक्टर असावेत आणि बाहेरच्या कनेक्टरला पाणी न शिरू देणारे बूट असावे. स्प्लिटर काढून टाकावा. जुने भोक बुजवावे. नवे पाडले तर उतार बाहेर ठेवून, आणि केबलला झोळ देऊन. सैल सोडलेल्या जुन्या केबलचे टोक तुमच्या पेटीतून सोडवावे. काम झाल्यावर पेटीत आणि मोडेमपाशी, वरच्या आणि खालच्या दोन्ही चॅनेलवर मीटर लावून आलेली मापे आणि मोडेमची पाठवण्याची पातळी पावतीवर लिहावी. ती वाचल्याशिवाय या वेळी मी सही करणार नाही.

येण्याचा दिवस आधी कळवावा. येणाऱ्याकडे मीटर, कॉम्प्रेशन टूल आणि माळ्यापर्यंत पोचणारी शिडी असावी. माझी तक्रार मी स्वतः सांगेपर्यंत बंद करू नये. पंधरा दिवसांत काम झाले नाही तर मी हे पत्र सोबतच्या पुराव्यांसह ग्राहक तक्रार यंत्रणेकडे देईन आणि करार संपवून मोडेमची अनामत परत मागेन.

आपली,
एक ग्राहक

सोबत : १) स्प्लिटर, निखळलेला कनेक्टर, गंजलेला जोड आणि खिडकीशेजारच्या भोकाची छायाचित्रे, २) मोडेमच्या पानाच्या प्रती, कोरड्या आणि पावसाच्या दिवसांच्या, ३) ‘संपूर्ण नवीन आरजी-६ केबल’ असे लिहिलेल्या पावतीची प्रत, ४) भेट शुल्क लावलेले बिल.