‘अमर’ जेलीफिशही मरते

महोदय,

‘टुरिटोप्सिस डोर्नी’ ही जेलीफिश कधीच मरत नाही, असे सरधोपट विधान विज्ञानविषयक मजकुरात वरचेवर वाचायला मिळते. ते अर्धेच खरे आहे.

फलित अंड्यातून बाहेर पडणारी ‘प्लॅन्युला’ अळी तळाशी चिकटते आणि तिचा ‘पॉलिप’ (तळाला चिकटून राहणारे नळीसारखे रूप) होतो. पॉलिपांची फांद्याफांद्यांची वसाहत वाढते, तिला कळ्या येतात आणि त्या सुटून छत्रीसारख्या जेलीफिश पोहू लागतात. (परिचित चंद्र जेलीफिशची तऱ्हा वेगळी: तिचा पॉलिप आडवा चिरत जाऊन चकत्यांची चळत होते, आणि एकेक चकती सुटते.)

उपासमार, इजा किंवा तापमानातला अचानक बदल झाला, की टुरिटोप्सिसची छत्री आक्रसते, शुंडके शोषली जातात आणि उरलेला गोळा तळाशी बसतो. काही दिवसांत त्यातून पुन्हा पॉलिप उगवतो. पेशी एका प्रकारातून दुसऱ्या प्रकारात बदलतात, हे यातले खरे नवल. १९९६ साली इटालियन संशोधकांनी याचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले.

मात्र कुणी गिळले किंवा रोगाने गाठले तर सुटका नाही. समुद्रात बहुतेकींचा शेवट असाच होत असणार. त्यामुळे ‘अमर’पेक्षा ‘पुन्हा बालरूपात जाऊ शकणारी’ हे वर्णन नेमके ठरेल.

आणि छायाचित्र निवडताना एवढे पाहावे: हिची छत्री जेमतेम साडेचार मिलिमीटरची असते, आत लालसर जठर दिसते. ताटाएवढी जेलीफिश छापली, तर ती नक्कीच दुसरी.

– एक वाचक