उतार झाला, पुढे काय?

मा. संपादक,

कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यात, खानापूर, निपाणी भागातल्या मराठी प्राथमिक शाळांत समावेशक शिक्षण (दिव्यांग मुलांना इतर मुलांबरोबरच शिकवणे) म्हटले की आधी सिमेंटचा उतार आठवतो. तोही बऱ्याचदा चुकतो. जोते 45 सेंमी उंच असेल, तर 1:12 या प्रमाणाने (1 सेंमी चढायला 12 सेंमी लांबी) उतार 5.4 मीटर लांब हवा. जागा नाही म्हणून दोन मीटरांत उरकला की चढताना चाकाची खुर्ची मागे कलंडते. जागा कमी असेल तर मध्ये सपाट टप्पा ठेवून उतार वळवावा. स्वच्छतागृहाचे दार बाहेर उघडणारे हवे; आत उघडणारे दार खुर्ची आत गेल्यावर लागतच नाही.

खरी गफलत मात्र वर्गात होते. घरी मराठी बोलणारे मूल कन्नड वाचताना अडखळले की 'मंद' ठरते. आधी मराठीत तपासा. गोष्ट सांगता येते, परिच्छेद वाचता येतो, तर अडचण कन्नडच्या सरावाची आहे. मराठीतही तेच अक्षर पुन्हा पुन्हा चुकत असेल, तर तालुक्याच्या विशेष शिक्षकांना बोलवा. त्याआधी डोळे आणि कान तपासा. सर्वांत सोपे तेच, आणि राहून जाते तेच.

शाळा समितीत तीन-चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असाव्यात, असे शिक्षणहक्क कायदा सांगतो. 2012 च्या दुरुस्तीने दिव्यांग मुले वंचित गटात आली, म्हणजे त्यांच्या पालकांनाही प्रमाणात जागा आहे. पण सूचना फक्त कन्नडमध्ये आणि बैठक सकाळी अकराला! रोजगार बुडवून कोण येणार? सूचना दोन्ही भाषांत काढा, बैठक संध्याकाळी घ्या.

– काही प्राथमिक शिक्षक, खानापूर तालुका