दुधाच्या दरात फॅट मोजता, मग जिवाणू पण मोजा

संपादक साहेब, नमस्कार.

आपल्या पेपरात दुधाच्या बातम्या येतात त्या बहुतेक दर पडल्याच्या नाहीतर भेसळ पकडल्याच्या. त्या यायलाच पाहिजेत, पण गोठ्यात चांगलं निघालेलं दूध डेअरीत पोचेपर्यंत कसं बिघडतं आणि जो ते बिघडू देत नाही त्याला लिटरमागे एक पैसा पण जास्त का मिळत नाही, यावर कोणी लिहीत नाही म्हणून हे पत्र. आमचा संगमनेर तालुक्यात एचएफ गायींचा छोटा गोठा आहे आणि माझं शिक्षण मायक्रोबायोलॉजीत बीएस्सी, त्यामुळे हा विषय रोज हाताखालून जातो.

आधी फॅटचं बोलते, कारण सगळा दर त्यावर. ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ (दुधातला फॅट सोडून बाकीचा घन भाग) हे आकडे आमच्याकडे शाळेतल्या पोरांना पण पाठ आहेत. पण हे फॅट तयार करायला कोण राबतं? कडबा, मका, हत्ती गवत यातला जो तंतू असतो तो पचवायचं एन्झाइम गायीच्या शरीरात बनतच नाही, ते काम कोटीपोटात (गायीच्या पोटाच्या सगळ्यात मोठ्या कप्प्यात) राहणारे जिवाणू, प्रोटोझोआ आणि बुरशी करतात. मोठ्या गायीचं कोटीपोट शंभर लिटरच्या वर भरतं आणि त्यातल्या एका मिलीलिटर रसात हजार कोटींच्या घरात जिवाणू असतात. ते चारा आंबवतात, त्यातून ॲसिटिक, प्रोपिओनिक, ब्युटिरिक अशी आम्लं सुटतात, गायीला लागणारी बरीचशी ताकद त्यातूनच येते. ॲसिटिकपासून कासेत दुधाचं फॅट बनतं आणि प्रोपिओनिकपासून लिव्हर साखर बनवतं, तिचीच पुढे दुधातली लॅक्टोज होते. म्हणूनच दूध वाढवायच्या नादात एकदम भरडा वाढवला की कोटीपोट आंबट होतं, पीएच ५.५ च्या खाली गेला की तंतू पचवणारे जिवाणू मागे पडतात, गाय रवंथ कमी करते, शेण पातळ पडतं आणि फॅट घसरतं. मग आपण दूध संकलन केंद्रावर जाऊन मशीनवाल्याशी भांडतो, आणि बऱ्याचदा कारण आपल्याच गव्हाणीत असतं. म्हणजे बघा, डेअरी आज पण जिवाणूंच्याच कामाचे पैसे देते, फक्त पोटातल्या.

आता कासेचं. आमच्या अभ्यासाच्या पुस्तकात होतं की निरोगी कासेतलं दूध निर्जंतुक असतं. गेल्या दहा-पंधरा वर्षांत डीएनए तपासायची पद्धत आली तेव्हापासून निरोगी सडाच्या दुधात पण स्टॅफिलोकोकस, कॉरिनेबॅक्टेरियम, अगदी आतड्यात राहणाऱ्या जिवाणूंचे सुद्धा अंश सापडायला लागले आणि मोठा वाद सुरू झाला. काही शास्त्रज्ञ म्हणतात कासेत जिवाणूंची स्वतःची वस्ती आहे, काही म्हणतात नमुना घेताना सडाच्या टोकावरचे मिसळले. सुई थेट कासेत घालून दूध काढलं तर सडातून काढलेल्यापेक्षा जिवाणूंचा डीएनए कमी मिळतो, त्यामुळे मला दुसऱ्यांचं म्हणणं जास्त पटतं. पण दोघांना एक मान्य आहे की निरोगी गायीच्या दुधात जिवाणू फार थोडे असतात, आणि सडाच्या कातडीवर राहणारे सगळेच काही वाईट नसतात.

सडाच्या टोकाला केराटिनचं मेणचट बूच असतं, तेच गायीचं खरं संरक्षण. धार काढली की ते भोक लगेच मिटत नाही, अर्धा-एक तास उघडं राहतं. त्या वेळात गाय शेणात बसली की ई. कोलाय जिवाणू आत, नंतर दगडी म्हणजे कासेची सूज (मस्टायटिस), नंतर कासेत सोडायच्या औषधाच्या ट्यूबा आणि डॉक्टरचं बिल. म्हणून धार झाल्यावर सड आयोडीनच्या औषधात बुडवायचा आणि लगेच गव्हाणीत चारा टाकायचा म्हणजे ती उभी राहते, खर्च काहीच नाही असं म्हटलं तरी चालेल.

दगडी दिसायला लागते ती फार उशिरा. त्याच्या आधी दूध पांढरंशुभ्रच दिसतं, कास पण मऊ असते, तरी आत बिघाड चालू असतो. यासाठी सीएमटी (कॅलिफोर्निया मस्टायटिस टेस्ट) म्हणून टेस्ट आहे, १९५७ सालापासून जगात वापरतात. चार खणांचं प्लॅस्टिकचं ताट असतं, प्रत्येक सडाची थोडी धार एकेका खणात घ्यायची, तेवढंच औषध टाकायचं आणि ताट गोल फिरवायचं. निरोगी सडाचं दूध पाण्यागत फिरतं, बिघडलेल्या सडाचं घट्ट होऊन शेंबडागत मधोमध गोळा होतं कारण त्यात पांढऱ्या पेशी वाढलेल्या असतात. दहा-पंधरा सेकंदांत कळतं कुठला सड. मिलीलिटरला २ लाखांच्या वर पेशी गेल्या की आत काहीतरी चाललंय असं धरतात. एवढी सोपी गोष्ट आमच्याकडच्या कितीतरी गोठ्यांत कोणी बघितलेली पण नाही.

दूध बिघडतं ते बाहेर आल्यावर. ताज्या दुधात स्वतःची थोडी ताकद असते, लॅक्टोपेरॉक्सिडेज, लॅक्टोफेरिन वगैरे, ती तास-दोन तास जिवाणूंना रोखते. त्यानंतर उन्हाळ्यात वीस-तीस मिनिटांत दुप्पट, परत दुप्पट असं चालतं. पहाटे पाचला धार, सातला केंद्र, तिथे घाईघाईत सगळ्यांचं एका कॅनमध्ये ओतलेलं, टेम्पो उशिरा आला की नऊ-साडेनऊला बल्क कुलर, म्हणजे दूध थंड करायची मोठी टाकी. कॅनच्या झाकणाच्या खोबणीत कालची साय चिकटलेली असली की संपलंच. जी बाई पहाटे उठून गरम पाण्याने कास धुते, फडक्याने कोरडी करते, पहिल्या चार धारा वेगळ्या काढते, कॅन उन्हात पालथा घालते, तिचं दूध आणि शेजारच्या घाण बादलीतलं दूध एकाच भावात आणि एकाच कॅनमध्ये जातं. ह्याचं मला फार वाईट वाटतं. तिने का करावं इतकं?

लोक म्हणतात तापवतोच की आपण, जिवाणू मरतात. जिवाणू मरतात पण त्यांनी आधी सोडलेली काही एन्झाइम्स उष्णतेला दाद देत नाहीत, थंडीत वाढणाऱ्या स्यूडोमोनासची तर नक्कीच नाही, त्याने दूध कडवट होतं. आणि याच्या उलट शहरात "चांगले जिवाणू" म्हणून कच्चं दूध पिण्याचं फॅड आलंय, ते कृपा करून करू नका. गाय वरून ठणठणीत दिसते तरी तिच्या दुधातून ब्रुसेला हा रोगाचा जिवाणू येऊ शकतो. चांगले जिवाणू हवेत तर तापवून विरजण लावा. विरजण लागलंच नाही तर एक शंका दुधात अँटिबायोटिक असल्याची पण घ्या, कारण कासेत ट्यूब सोडलेल्या गायीचं दूध ठरलेले दिवस बाजूला काढायचं असतं आणि बाजूला काढलेल्या दुधाचे पैसे कोण देणार म्हणून ते कॅनमध्ये जातं.

मोजणं अवघड आहे असं डेअरीवाले सांगतात, ते काही खरं नाही. १० मिली दूध, १ मिली मिथिलीन ब्लू, ३७ डिग्रीला ठेवायचं, निळा रंग किती वेळात उडतो बघायचं. पाच तास टिकला तर उत्तम दूध, अर्ध्या तासात उडाला तर एकदम खराब. ही एमबीआरटी डेअरीच्या लॅबमध्ये टँकरच्या दुधाची होतेच, ती शेतकरीवार महिन्यातून न सांगता दोनदा करा आणि ज्याचा रंग टिकतो त्याला लिटरला रुपया जास्त द्या. युरोपात गायीच्या कच्च्या दुधाला मिलीलिटरला १ लाख जिवाणू आणि ४ लाख त्या पांढऱ्या पेशी अशी मर्यादा कायद्याने आहे. आपल्याकडे २०२४ मध्ये सरकारने लिटरला ५ रुपये अनुदान दिलं तेव्हा पण हिशोब फॅट आणि एसएनएफचाच. अनुदानातले थोडे पैसे केंद्रावर लहान कुलर, सीएमटीचं औषध आणि गरम पाण्याची सोय यात घातले असते तर ते दर वर्षी परत मिळाले असते असं माझं स्पष्ट मत आहे. सुरुवातीला दंड मात्र नको, गोठ्यात पाणीच नाही त्याला दंड करून काय मिळणार, आधी बोनस सुरू करा.

आपल्या तालुका प्रतिनिधीला एकदा सकाळी सहाला कुठल्याही संकलन केंद्रावर पाठवा आणि तीनच प्रश्न विचारायला सांगा: धार किती वाजता काढली, दूध थंड किती वाजता झालं, आणि जिवाणू कोण मोजतं. जी उत्तरं मिळतील ती जशीच्या तशी छापा.

आपली,
एक दूध उत्पादक, ता. संगमनेर