रिपोर्ट सुधारला म्हणजे यकृत सावरले असे नव्हे

संपादक महोदय,

यकृत निकामी झालेल्या रुग्णाच्या नातेवाइकांना हल्ली ‘कृत्रिम यकृत’ सुचवले जाते. हेही डायलिसिससारखेच, असा त्यांचा समज होतो. पण यकृत नुसते गाळत नाही. रक्त गोठवणारे घटक तेच तयार करते. ‘मार्स’ या कृत्रिम यकृताच्या यंत्रात पडद्यापलीकडून फिरणारे अल्ब्युमिन या प्रथिनाचे द्रावण रक्तातले बिलिरुबिन (काविळीतले पिवळे द्रव्य) आणि पित्ताम्ले ओढून घेते. ते यंत्र बनवत काहीच नाही. जुना यकृतविकार एकाएकी बळावलेल्या रुग्णांवर युरोपात झालेल्या ‘रिलीफ’ चाचणीत (2013) बिलिरुबिन उतरले, पण 28 दिवसांअखेर वाचणाऱ्यांचे प्रमाण वाढले नाही.

धडधाकट माणसाचे यकृत अचानक निकामी झाले असेल, तर प्लाझ्मा (रक्तातला पातळ द्रव) काढून रक्तदात्यांचा भरण्याला, म्हणजे प्लाझ्मा बदलण्याला मात्र 2016 च्या युरोपीय चाचणीचा भक्कम आधार आहे. तीन दिवस रोज आदर्श वजनाच्या 15 टक्के प्लाझ्मा बदलायचा. 60 किलोला 9 लिटर, म्हणजे 200 मिलीच्या 45 पिशव्या, त्याही एका दिवसाला! म्हणून रुग्ण हलवण्याआधीच रक्तपेढीशी बोलावे. वेल्लोरमध्ये याहून बऱ्याच कमी प्लाझ्मावर हा उपचार करतात.

प्लाझ्माच्या पिशवीत तो गोठू नये म्हणून घातलेले सायट्रेट रक्तातले कॅल्शियम बांधून ठेवते आणि आजारी यकृताला हे सायट्रेट लवकर मोडता येत नाही. ओठांना मुंग्या येतात, पेटके येतात, रक्तदाब कोसळतो. गुंगीतला रुग्ण हे सांगणार कसा? उपचार चालू असताना आयनाइज्ड (न बांधलेले, मोकळे) कॅल्शियम पुन्हा पुन्हा तपासलेच पाहिजे.

सर्वांत मोठी फसगत आयएनआरची, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो हे दाखवणाऱ्या आकड्याची. तो उतरला की घरचे सुटकेचा निःश्वास सोडतात, प्रत्यारोपणाची धावपळ थंडावते. पण तो आकडा रक्तदात्यांच्या प्लाझ्माचा असतो. त्यातला रक्त गोठवणारा सातवा घटक काही तासांतच संपतो. पुढच्या फेरीआधीचा आयएनआर पाहावा, आणि त्याहून जास्त लक्ष शुद्धीवर, रक्तातल्या लॅक्टेट या आम्लावर व साखरेवर ठेवावे.

पिवळा फॉस्फरस असलेली उंदीर मारायची पेस्ट पोटात गेलेले रुग्ण तर पहिले एक-दोन दिवस ठणठणीत दिसतात आणि घरी सोडले जातात. कावीळ त्यानंतर उमटते. त्यांना दाखल ठेवून रोज यकृताच्या तपासण्या व आयएनआर करावा आणि आयएनआर चढू लागताच, भ्रम सुरू होण्याची वाट न पाहता, प्रत्यारोपण केंद्राकडे हलवावे.

यंत्र लावण्यापूर्वीच्या संमतीपत्रात दोन गोष्टी लिहिलेल्या असाव्यात, अशी आमची रुग्णालयांना कळकळीची विनंती आहे: हा उपचार यकृत सावरेपर्यंत आहे की प्रत्यारोपण होईपर्यंत, आणि गुण आला नाही तर कोणत्या दिवशी थांबायचे.

– यकृत अतिदक्षता विभागातील काही डॉक्टर, पुणे