तक्रार : बावीस आऱ्यांचे झेंडे, कात्री आणि न छापलेली पुस्तिका

मंगळवार पेठ, कोल्हापूर
दि. २२ ऑगस्ट २०२४

प्रति,
मा. तक्रार निवारण अधिकारी,
ऑनलाइन छपाई व वस्तुविक्री विभाग

विषय : सदोष राष्ट्रध्वजांची रक्कम परत मिळणे, झेंडे कापून फोटो पाठवण्याची अट मागे घेणे आणि रद्द केलेल्या पुस्तिकेबाबत लेखी कारण मिळणे.

महोदय/महोदया,

१ ऑगस्टला मी आपल्याकडे दोन ऑर्डरी नोंदवल्या. पहिली तीस राष्ट्रध्वजांची, माप ९०० बाय ६०० मिलिमीटर, दर नगाला १४९ रुपये. दुसरी चोवीस पानी पुस्तिकेच्या दोनशे प्रतींची. झेंडे आमच्या गल्लीसाठी हवे होते. पुस्तिका १४ ऑगस्टच्या संध्याकाळी आमच्या अभ्यासवर्गात होणाऱ्या वादविवाद स्पर्धेसाठी हवी होती. झेंडे ९ तारखेला आले. पुस्तिका आलीच नाही.

आधी झेंड्यांविषयी. मी सत्तावीस वर्षे शाळेत नागरिकशास्त्र शिकवले आणि त्यातली बहुतेक वर्षे शाळेचा ध्वज बांधण्याचे काम माझ्याकडे होते. ध्वज झपाट्याने चढवायचा आणि सावकाश, आदराने उतरवायचा. घडी घालताना केशरी आणि हिरवा पट्टा पांढऱ्याच्या खाली घ्यायचा, मग पांढरा दोन्ही बाजूंनी असा मुडपायचा की वर चक्र दिसले पाहिजे, आणि मग तो दोन्ही तळहातांवर आडवा धरून कपाटापर्यंत न्यायचा. हे मी शेकडो मुलांना हातात हात धरून शिकवले आहे. त्यामुळे तुमचे खोके उघडल्यावर तालमीतली पोरे जमली तेव्हा सवयीने म्हटले, "आधी आरे मोजा रे." एकाने मोजले, बावीस. दुसऱ्याने मोजले, बावीस. मग आम्ही तीसही झेंडे दिवाणखान्यात पसरून मोजले. एकाही चक्रात चोवीस आरे नाहीत. सात झेंड्यांत चक्र मधोमध नाही. लांबी-रुंदीचे प्रमाण ३:२ असायला हवे, ते अकरा झेंड्यांत चुकले आहे. कडा शिवलेल्या नाहीत, धागे सुटले आहेत.

३० डिसेंबर २०२१ च्या दुरुस्तीने ध्वजसंहितेत पॉलिस्टरच्या आणि यंत्रावर केलेल्या झेंड्यांना परवानगी मिळाली. स्वस्त झेंडा घरोघरी जावा याबद्दल माझी तक्रार नाही, म्हणून तर मी तुमच्याकडे आले. पण हुबळीच्या बेंगेरीत खादीचा झेंडा भारतीय मानक ब्युरोच्या मापाने होतो आणि आम्ही वर्षानुवर्षे तोच वापरत आलो. कापड बदलले म्हणून आऱ्यांची संख्या बदलत नाही. शिवाय बिलात तुम्ही ५ टक्के जीएसटी, म्हणजे २२३ रुपये ५० पैसे लावले आहेत. राष्ट्रध्वजावर जीएसटी नाही, पॉलिस्टरच्या ध्वजावरही नाही.

हे सगळे मी १० तारखेला फोटोंसह कळवले. उत्तर आले की, या किमतीच्या वस्तू कंपनी परत घेत नाही. ग्राहकाने वस्तू कात्रीने मधोमध कापावी, कापलेल्या वस्तूचा स्पष्ट फोटो पाठवावा, मग रक्कम मिळेल. मला वाटले, चुकून उशीच्या अभ्र्यांचे उत्तर आले असेल. मी पुन्हा लिहिले की वस्तू राष्ट्रध्वज आहे. पुन्हा तेच आले, फक्त या वेळी "तीसही नग एकाच फोटोत दिसावेत" अशी भर होती.

साहेब, तीस झेंडे कात्रीने कापून, त्यांच्या चिंध्या जमिनीवर मांडून त्यांचा फोटो काढायचा? कायद्याचे नंतर बघू. माझ्या हाताला ते जमणार नाही. चक्र चुकलेले असले तरी ते तिरंगेच आहेत. ध्वजसंहिता सांगते की खराब झालेला ध्वज टाकून देऊ नये, तो खासगीत, अखंड, शक्यतो जाळून नष्ट करावा. अखंड हा शब्द त्यात मुद्दाम आहे.

आता पुस्तिका. ११ तारखेला निरोप आला की मजकूर "राष्ट्रविरोधी व आक्षेपार्ह" असल्याने ऑर्डर रद्द. पैसे बँकेत न पाठवता तुमच्या वॉलेटमध्ये टाकले, म्हणजे ते पुन्हा तुमच्याकडेच खर्च करायचे. १३ तारखेला मी फोन केला. पलीकडच्या मुलाला दोन्ही ऑर्डरी दिसत होत्या. तो म्हणाला, "मॅडम, झेंडा जाळायचं समर्थन करणाऱ्यांनी झेंड्यातले आरे मोजू नयेत."

त्या रात्री मी जेवले नाही. राग होताच, पण त्याहून जास्त वाटले की या मुलाला कोणीतरी हे नीट सांगायला हवे होते, आणि मी शिक्षिका असून मला फोनवर ते सुचले नाही. म्हणून इथे सांगते. हे पत्र त्याला वाचायला द्यावे.

आमच्या वादविवादाचा विषय होता, "राष्ट्रध्वज जाळणे हा गुन्हा असावा का?" पुस्तिकेची बारा पाने "असावा" म्हणणाऱ्यांना, बारा "नसावा" म्हणणाऱ्यांना. आपल्याकडे १९७१ च्या राष्ट्रीय सन्मान अवमान प्रतिबंध कायद्याने सार्वजनिक ठिकाणी ध्वज जाळला, फाडला, विद्रूप केला तर तीन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकते. हे पहिल्याच पानावर ठळक छापायचे होते. मी हा कायदा पाळते आणि मुलांनी पाळावा असे सांगते. पण त्याच कायद्याच्या स्पष्टीकरणात लिहिले आहे की घटनेत किंवा ध्वजात कायदेशीर मार्गाने बदल व्हावा म्हणून केलेली टीका हा गुन्हा नाही. म्हणजे संसदेने ज्या टीकेला जागा ठेवली, ती जागा तुमच्या छपाई विभागाने बंद केली.

दुसऱ्या बाजूच्या पानांत अमेरिकेतला खटला होता. १९८४ मध्ये डॅलसला रिपब्लिकन पक्षाच्या अधिवेशनाच्या वेळी ग्रेगरी ली जॉन्सन याने निदर्शनात अमेरिकेचा झेंडा जाळला. टेक्ससच्या न्यायालयाने त्याला एक वर्षाची कैद दिली. १९८९ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ती शिक्षा चुकीची ठरवली. मुलांना त्यातली एक गोष्ट फार भिडली. बहुमतातले न्यायमूर्ती स्कॅलिया यांना झेंडे जाळणाऱ्यांचा तिटकारा होता. आपण राजे असतो तर त्यांना तुरुंगात घातले असते, असे ते उघडपणे म्हणत. तरी मत त्यांच्या बाजूने दिले, कारण ते राजे नव्हते, न्यायाधीश होते. आणि न्यायमूर्ती केनेडी यांनी लिहिले की झेंड्याचा तिरस्कार करणाऱ्यालाही तो झेंडा संरक्षण देतो, हे वेदनादायक असले तरी मूलभूत आहे. निकालानंतर तिथल्या संसदेने लगेच नवा कायदा केला. १९९० मध्ये तोही पाच विरुद्ध चारनेच रद्द झाला.

१९८९ च्या बहुमताच्या निकालात न्यायमूर्ती ब्रेनन यांनी मांडलेला एक मुद्दा आपल्या ध्वजसंहितेलाही लागू पडतो असे मला वाटते. जीर्ण झेंडा आदराने जाळला तर तो विधी, रागाने जाळला तर गुन्हा. आग तीच, कापड तेच. मग शिक्षा होते ती कशाची? जाळणाऱ्याच्या मनातल्या गोष्टीची. मनातल्या गोष्टीसाठी माणसाला तुरुंगात टाकू नये, एवढेच माझे म्हणणे आहे. मी स्वतः रागाने झेंडा कधी जाळणार नाही. कोणी माझ्यासमोर जाळू लागला तर मी आधी त्याचा हात धरीन, ऐकले नाही तर तिथेच उभी राहून रडेन, पण पोलिसांना फोन करणार नाही. त्याला विचारीन की बाबा, इतके काय झाले?

हे मी एका विद्यार्थ्याकडून शिकले. धरणग्रस्तांच्या वसाहतीतला मुलगा होता, आठवीतला. २६ जानेवारीला सगळ्यांचे हात कपाळाशी गेले, त्याचा खालीच. मुख्याध्यापक छडी घेऊन निघाले होते, मी मध्ये पडले. नंतर वर्गात विचारले तर म्हणाला, "बाई, आमचं घर पाण्यात गेलं तवाबी हापिसावर झेंडा हुता." यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. केरळच्या तीन मुलांचा १९८६ चा निकाल मला ठाऊक होता. राष्ट्रगीताला ती मुले आदराने उभी राहत, पण धर्मश्रद्धेमुळे गात नसत. शाळेने काढलेल्या त्या मुलांना सर्वोच्च न्यायालयाने परत घ्यायला लावले. मी मुख्याध्यापकांना तो निकाल दाखवला. मुलगा दहावीपर्यंत रांगेत ताठ उभा राहिला, सलामी मात्र दिली नाही. मी त्याला एकदाही भाग पाडले नाही. ध्वजाची घडी घालायला मात्र तो दरवर्षी स्वतःहून यायचा, आणि त्याच्याइतकी नीट घडी दुसऱ्या कोणाची मी पाहिली नाही.

आमच्या शिवाजी चौकात पूर्वी गव्हर्नर विल्सनचा पुतळा होता. बेचाळीसच्या लढ्यात कोल्हापूरकरांनी तो विद्रूप केला. त्या वेळच्या सरकारच्या लेखी तो गुन्हाच होता. आज तिथे शिवाजी महाराजांचा पुतळा आहे. २५ डिसेंबर १९२७ ला महाडला बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली मनुस्मृती जाळली गेली, तेव्हाही कित्येकांना ती पवित्र वस्तूची विटंबना वाटली होती. वादविवादात एका मुलाने मला ठणकावले की परक्या गव्हर्नरचा पुतळा, मनुस्मृती आणि आपला तिरंगा एका मापाने मोजू नका. बरोबर बोलला तो. मीही मोजत नाही. पण जाळणे हे कधी कधी बोलणे असते, हे या मातीला नवे नाही. त्या मुलाला पहिले बक्षीस मिळाले. तो "गुन्हा असावा" या बाजूने बोलत होता. स्पर्धा झाली ती पेठेतल्या झेरॉक्सवाल्याने रात्री जागून काढून दिलेल्या प्रतींवर. त्याने मजकूर वाचला, "पटत नाही बाई मला," म्हणाला, आणि प्रती काढून दिल्या.

छपाईवाल्याने हवे ते छापावे, नको ते नाकारावे, तो त्याचा हक्क आहे हे मी मानते. पण दहा दिवस ऑर्डर धरून ठेवून, स्पर्धेच्या तीन दिवस आधी, बारा पाने "गुन्हा असावा" म्हणणाऱ्यांची आहेत हे न वाचता "राष्ट्रविरोधी" असा शिक्का मारणे ही सेवेतली त्रुटी आहे. तो शब्द माझ्या नावापुढे तुमच्या संगणकात राहता कामा नये.

माझ्या मागण्या अशा. झेंड्यांचे ४,४७० रुपये आणि चुकीचा जीएसटी, तसेच पुस्तिकेची आगाऊ रक्कम माझ्या बँक खात्यात जमा करावी. बावीस आऱ्यांचे झेंडे विक्रीतून काढावेत आणि ज्यांनी घेतले त्यांना कळवावे. राष्ट्रध्वजाला कात्रीची अट लावणार नाही, असे लेखी द्यावे. पुस्तिका कायद्याच्या कोणत्या कलमाखाली नाकारली ते लिहावे, किंवा तो शेरा पुसावा. फोनवरच्या मुलाला कामावरून काढू नये. त्याने मला फोन करावा, मला त्याच्याशी बोलायचे आहे.

ई-कॉमर्सच्या २०२० च्या नियमांप्रमाणे तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याच्या आत व्हायला हवे. १० तारखेच्या तक्रारीचा महिना ९ सप्टेंबरला संपतो. तोपर्यंत काही झाले नाही तर मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवीन आणि त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज करीन.

झेंडे चक्र वर ठेवून घडी घालून माझ्या लोखंडी कपाटाच्या वरच्या कप्प्यात ठेवले आहेत. पुरावा म्हणून ते सध्या तिथेच राहतील. तपासणीसाठी हवे असतील तर आपल्या माणसाने घरी येऊन, हातात धरून न्यावेत. कुरिअरच्या पिशवीत मी ते कोंबणार नाही. नको असतील तर तसे लिहून कळवावे, म्हणजे एखाद्या पहाटे परसात मी ते एकेक करून, अखंड, जाळीन. त्याचा फोटो मिळणार नाही.

आपली ग्राहक,
एक निवृत्त शिक्षिका
मंगळवार पेठ, कोल्हापूर

सोबत : बिलाची प्रत, झेंड्यांचे फोटो, रद्द झालेल्या ऑर्डरीचा निरोप, पुस्तिकेची झेरॉक्स प्रत.