तळमजल्यावरच्या बाईंना, जाहीर थँक्यू

बाई, नमस्कार. तोंडावर थँक्यू म्हटलं की तुम्ही "पुरे गं" म्हणून चहा टाकायला उठता, म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितेय, सूनबाई वाचून दाखवतीलच.

आमच्या फ्रिजवर स्टार चार्ट होता, दूध संपवलं की स्टार, दहा स्टार झाले की चॉकलेट. तुम्ही तो बघितलात, बोलला काहीच नाहीत, दुसऱ्या दिवशी लेकीच्या हाती गिजुभाईंचं पुस्तक पाठवलंत. गिजुभाई बधेका म्हणजे लहान मुलांच्या गोष्टी लिहिणारे गुजराती लेखक एवढंच मला तोवर माहीत होतं. वकिली सोडून मुलांमध्ये रमलेला, १९२० साली भावनगरला बालमंदिर काढणारा आणि लोक ज्याला 'मूछाळी मा' म्हणायचे असा हा माणूस, आणि त्याचं म्हणणं काय तर मुलांना मारायचं नाही, भीती घालायची नाही हे तर झालंच, पण बक्षिसाची लालूचही दाखवायची नाही! हे दुसरं मला जड गेलं. अजूनही सगळं पटलंय असं नाही, पाहुणे आले की सगळी तत्त्वं धाब्यावर.

पण चार्ट गेला. आता लेक वरण स्वतः वाढून घेते, लहान पळी दोन्ही हातांनी धरून, जीभ बाहेर काढून, निम्मं ताटात निम्मं ओट्यावर, मग फडकं पण स्वतःच आणते, आणि शाबासकीसाठी माझ्याकडे बघतसुद्धा नाही (आजीला हे अजून बघवत नाही, तो वेगळा विषय).

बालशिक्षणात आयुष्य घालवलेल्या ताराबाई मोडकही मला तुमच्यामुळेच नीट कळल्या. भावनगरला गिजुभाईंसोबत केलेलं काम, मग १९४५ मध्ये पालघरकडच्या बोर्डी गावात बालवाडी, पुढे सहकारी अनुताई वाघांना घेऊन तेच काम जवळच्या कोसबाडला. माँटेसरी पद्धतीची महागडी शिकवायची साधनं गावात परवडणार नाहीत तर बिया, शंख-शिंपले घ्या, गुरं राखणारी पोरं शाळेत येत नाहीत तर कुरणातच शाळा भरवा. कोसबाडच्या ट्रेनिंगचं बोलायला लागलात की तुमचा चहा गार होतो, मीही आठवण करून देत नाही.

आणि ती ट्रंक! 'शिक्षणपत्रिका' या बालशिक्षणावरच्या मासिकाचे जुने अंक, मध्ये मध्ये कडुनिंबाचा पाला, सुईदोऱ्याने शिवलेले गठ्ठे. एवढं सांभाळलेल्याला दुसऱ्या कुणी हात लावू दिला नसता, तुम्ही पिशवीत भरून दिलंत, वर "वाचायलाच आहेत" म्हणालात. पुतळे, जयंत्या ठीक आहेत हो, पण मूळ लिखाण हातात पडत नसेल तर नवीन आईबापांनी काय करायचं? मी एकेक पान खिडकीपाशी सपाट ठेवून मोबाईलने फोटो काढतेय. गिजुभाई १९३९ मध्ये गेले, त्यांचं मूळ गुजराती लिखाण कॉपीराइटमधून कधीच मोकळं झालंय. ताराबाई १९७३ मध्ये गेल्या, म्हणजे त्यांचं २०३४ पासून मोकळं होईल, तोवर ते फोटो नुसते जपून ठेवायचे, कुठे टाकायचे नाहीत.

एका अंकाची मधली पानं सुटून गेलीत, ट्रंकेच्या तळाशी आहेत का जरा बघाल? रविवारी वरचा गठ्ठा परत आणते, येताना लेकही असेल, तिला पळी द्या आणि सूनबाईंना सांगा ओटा पुसायची घाई करू नका.

तुमची,
तिसऱ्या मजल्यावरची